शाई लागण्याआधीचं काम: सोसायटीतलं मतदान वाढवायचं कसं

मतदानाच्या दिवशी संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर टक्केवारी येऊन पडते आणि चिडचिड सुरू होते. शिकलेली माणसं आणि ही अवस्था, सुट्टी तेवढी हवी, मत द्यायला नको, वगैरे. चीड साहजिक आहे. २० नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत कोल्हापूरच्या करवीर मतदारसंघात ८४ टक्क्यांहून जास्त मतदान झालं आणि मुंबईच्या कुलाब्यात ४५ टक्केही नाही. जोडून सुट्टी मिळू नये म्हणून बुधवार मुद्दाम निवडला होता. तरी कुलाबा कुलाब्यासारखाच वागला.

पण ज्यांनी मत दिलं नाही त्यांच्या दारोदार जाऊन कारण विचारलं की तीन वेगवेगळे गठ्ठे हाती लागतात. यादीत नावच नसलेले किंवा भलतीकडे असलेले. नाव असून त्या दिवशी पोचू न शकलेले, किंवा पोचून परत आलेले. आणि मनातूनच नको असलेले. आपण सगळा राग तिसऱ्या गठ्ठ्यावर काढतो, आणि तोही आदल्या रात्री. पहिल्या दोन गठ्ठ्यांचं काम चार-सहा महिने आधी करायचं असतं, ते कोणीच करत नाही. घोडं इथे पेंड खातं. पुढचं सगळं त्या कामाबद्दल आहे. शंभर-सव्वाशे फ्लॅटची सोसायटी धरली आहे. चाळ, वाडा, गावातली आळी असली तरी फार फरक पडत नाही.

टक्केवारी खोटी कशी बोलते

आधी एक हिशेब. तुमच्या केंद्राच्या यादीत १,००० नावं आहेत आणि ५०० जणांनी मत दिलं. टक्केवारी ५०. पण त्या हजारात समजा १५० नावं वारलेल्यांची, घर विकून गेलेल्यांची आणि दोनदा छापलेली आहेत. मग खरे मतदार ८५० आणि मतदान जवळजवळ ५९ टक्के. एकाही माणसाला घराबाहेर न काढता नऊ टक्के वाढले. शहरी यादी अशा नावांनी फुगलेली असते, कारण माणसं घरं बदलतात आणि जुनं नाव तसंच सोडून देतात.

याचा अर्थ अनास्था नाहीच, असा नाही. २०२४ च्या लोकसभेला दक्षिण मुंबईत जेमतेम निम्म्या मतदारांनी मत दिलं, ते सगळं यादीच्या माथी मारता येणार नाही. पण खरा आकडा किती, हे यादी साफ झाल्याशिवाय कळत नाही.

वही

दोनशे पानी वही घ्या. एक्सेल नको असं नाही, पण ती फाइल ग्रुपवर फिरायला लागली की लोकांची वयं आणि ओळखपत्रांचे नंबर भलत्याच हातात जातात, आणि निवडणुकीच्या हंगामात अशा फाइलींना गिऱ्हाईक असतं. वही चौघांकडेच राहते. आधार नंबर त्यात लिहायचाच नाही.

रकाने असे: फ्लॅट नंबर, अठरा वर्षांवरच्या प्रत्येकाचं नाव (ओळखपत्रावर आहे तसं), वय, मतदार ओळखपत्राचा नंबर, विधानसभा मतदारसंघ, यादी भाग क्रमांक (एका मतदान केंद्राची यादी म्हणजे एक भाग), भागातला अनुक्रमांक, शेरा. चार माणसं, प्रत्येकी तीसेक फ्लॅट, दोन रविवार. रविवारी सकाळी अकरा ते एक ही वेळ बरी. संध्याकाळी निम्म्या घरांना कुलूप असतं.

दारात पहिला प्रश्न "तुमचं नाव यादीत आहे का?" असा विचारू नका. उत्तर ठरलेलं असतं: "हो, कार्ड आहे ना." कार्ड असणं आणि यादीत नाव असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मतदान केंद्रावरची निम्मी भांडणं या एका गैरसमजातून होतात. मत देता येतं ते यादीत नाव असेल तर. कार्ड फक्त तुम्ही तेच आहात हे दाखवतं, आणि ते काम आधार, पॅन, वाहन परवाना, पासपोर्ट, फोटो असलेलं बँकेचं किंवा पोस्टाचं पासबुक असल्या कागदांनीही होतं. तेव्हा विचारायचं असं: "यादी भाग क्रमांक आणि अनुक्रमांक सांगता का?" सांगता आला नाही, की तिथेच उभ्या उभ्या मोबाइलवर शोधायचं.

शोध निवडणूक आयोगाच्या मतदार पोर्टलवर किंवा ॲपवर होतो, नाहीतर १९५० या हेल्पलाइनवर विचारता येतं. ओळखपत्राचा नंबर टाकून शोधणं सगळ्यात खात्रीचं. हल्लीच्या कार्डावर तीन अक्षरं आणि सात आकडे असतात. काही घरांत 'एमटी'ने सुरू होणारा, तिरप्या रेघांचा लांबलचक जुना नंबर निघतो. तो टाकून सापडलं नाही म्हणून नाव गेलं असं समजू नका, नावावरून शोधा. नावावरून शोधताना घोळ स्पेलिंगचा. कुलकर्णीचं कुळकर्णी, दीक्षितचं दिक्षित झालेलं असतं. लग्न झालेल्या बाईंचं नाव माहेरच्या आडनावाने आणि वडिलांच्या नावासह तसंच पडून असतं. वय दोन-चार वर्षांनी चुकलेलं असतं. एकदा नाही सापडलं तर तीन प्रकारे शोधा, मगच शेरा लिहा.

त्याहून पक्कं काम म्हणजे आपल्या भागाची अख्खी यादी उतरवून घेणं. राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर भागवार पीडीएफ असतात. त्या चित्रासारख्या असतात, त्यामुळे नाव टाइप करून शोधता येत नाही. छापून पेन्सिल घेऊन बसावं लागतं. मूळ यादीनंतर पुरवणी असते ती बघायला विसरू नका, नवी नावं तिथे असतात. आणि ज्या चौकटीवर वगळल्याचा आडवा शिक्का आहे ती नीट बघा. तिथे एक इंग्रजी अक्षर असतं: ई म्हणजे मृत, एस म्हणजे स्थलांतरित, आर म्हणजे दुबार, एम म्हणजे आढळले नाही, क्यू म्हणजे अपात्र. रोज सकाळी बागेत फिरणाऱ्या आजोबांच्या नावावर 'ई' निघतो. हसण्यासारखं आहे, पण आजोबांना ते मतदानाच्या दिवशी कळलं तर अजिबात हसण्यासारखं राहत नाही.

आणखी एक नेहमीची भानगड: इमारतीचं नाव यादीत तीन प्रकारे लिहिलेलं असतं, म्हणून एकाच इमारतीची माणसं तीन भागांत विखुरतात. नवरा एका शाळेत, बायको दुसऱ्या शाळेत. अशी घरं वहीत वेगळ्या रंगाने खुणा करून ठेवा आणि सगळ्यांचं मिळून एक पत्र मतदार नोंदणी अधिकाऱ्याला द्या: फ्लॅट नंबर, ओळखपत्राचे नंबर, सध्याचा भाग, हवा असलेला भाग. एकेकाने तोंडी तक्रार करून हे सुटत नाही.

कोणाला कोणता फॉर्म

फॉर्म ६ फक्त पहिल्यांदा नाव घालणाऱ्यांसाठी. घर बदललं, मग ते त्याच मतदारसंघात असो की दुसऱ्या जिल्ह्यात, फॉर्म ८. नाव, वय, फोटो दुरुस्ती, कार्ड हरवलं, दिव्यांग म्हणून नोंद करायची, हे सगळंही फॉर्म ८ मध्येच. पूर्वी वेगवेगळे नमुने होते, १ ऑगस्ट २०२२ पासून ते एकत्र झाले.

सगळ्यात जास्त होणारी चूक इथली आहे. ठाण्याहून पुण्याला आलेला माणूस फॉर्म ६ भरतो आणि 'याआधी नाव नव्हतं' यावर सही करतो. नवं नाव येतं, ठाण्याचं तसंच राहतं, आणि हा गृहस्थ दुबार मतदार ठरतो. दोन ठिकाणी नाव ठेवायला १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याची बंदी आहे, आणि खोटं निवेदन केलं तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. फॉर्म ८ भरला की जुन्या पत्त्याकडचं नाव वगळण्याची प्रक्रिया त्यातच होते.

भाडेकरूंचा वेगळा विषय. बऱ्याच सोसायट्यांत वही घेऊन फिरणारा भाडेकरूचं दार वगळूनच जातो. तसं करू नका. जिथे राहतो तिथला मतदार, घर मालकीचं असण्याशी संबंध नाही. नोंदणी केलेला लिव्ह अँड लायसन्स करार पत्त्याचा पुरावा म्हणून चालतो. वीज किंवा गॅसचं बिल घरमालकाच्या नावावर असतं, त्याचा भाडेकरूला उपयोग नाही. वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्यांना घरचा पत्ता किंवा वसतिगृहाचा, दोन्हींपैकी एक निवडता येतो.

फॉर्म ७ जपून. तो नाव वगळण्याचा. वारलेल्या माणसाचं नाव काढायला घरच्यांनी मृत्यूचा दाखला जोडून भरायचा. दुःख ताजं असताना हे काम कोणाला सुचत नाही, म्हणून सेक्रेटरीने वर्षाकाठी एकदा आठवण करावी, तीही बेताने. गेलेल्या भाडेकरूंची, परदेशी असलेल्या मुलांची नावं मात्र शेजाऱ्यांनी ठोक भावात फॉर्म ७ भरून उडवायला जाऊ नये. एकतर त्या माणसाला नोटीस जाते, दुसरं म्हणजे निवडणुकीआधी या फॉर्मचा खोडसाळ वापर होतो आणि त्यात आपली सही अडकलेली बरी नव्हे. गेलेल्यांना फोन करा, नव्या पत्त्यावर फॉर्म ८ भरायला सांगा.

साठ फॉर्म गोळा करून सेक्रेटरी एकटा कचेरीत गेला तर ते गठ्ठ्याने घेत नाहीत. घरातल्या घरात एकाने सगळ्यांचे दिले तर चालतं. जास्त असतील तर नोंदणी कार्यालयाला पत्र देऊन सोसायटीत एक दिवसाचं शिबिर मागा, किंवा क्लबहाऊसमध्ये दोन लॅपटॉप लावून ज्याचा त्याला ऑनलाइन भरू द्या. एका फॉर्मला कागद हाताशी असतील तर पंधरा मिनिटं लागतात. ओटीपीसाठी ज्याचा त्याचा मोबाइल हवा.

बीएलओ आणि गेट

अर्ज भरला की काम झालं असं वाटतं. नाही. बीएलओ, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, घरी येऊन खात्री करतो. बहुतेक वेळा ती अंगणवाडी सेविका, शाळेतल्या बाई किंवा पालिकेचा कर्मचारी असतो. आपलं काम सांभाळून, उन्हातून, हातात यादी घेऊन. आणि गेटवर वॉचमन विचारतो: कोणत्या फ्लॅटला? ॲपवर नोंद आहे का? मालकांना फोन लावा. मालक ऑफिसात मीटिंगमध्ये. बीएलओ परत जातो, शेरा पडतो 'आढळले नाही'. मोठ्या सोसायट्यांतले अर्ज नामंजूर होण्याचं हे एक मुख्य कारण आहे, आणि त्याचा दोष आयोगाला देऊन उपयोग नाही, गेट आपलं आहे.

उपाय साधा. पोर्टलवर आपल्या भागाच्या बीएलओचं नाव आणि फोन मिळतो. त्यांना फोन करून सोसायटीतल्या दोन माणसांचे नंबर द्या, त्यातलं एक दिवसा घरी असणारं हवं. वॉचमनच्या केबिनमध्ये कागद चिकटवा: 'मतदार यादीचे अधिकारी आले तर थांबवू नये, या नंबरवर कळवावे.' वहीची छायाप्रत तयार ठेवा म्हणजे कोण राहतं, कोण गेलं हे एका जागी बसून दहा मिनिटांत सांगता येतं. बसायला खुर्ची आणि पाणी द्या. एवढ्यावर पुढच्या पाच वर्षांचं काम सोपं होतं.

पुनर्विकासातल्या इमारतींनी विशेष लक्ष द्यावं. इमारत पाडली, माणसं तीन वर्षांसाठी भाड्याच्या घरात पांगली, बीएलओ आला तर तिथे पत्रे आणि खड्डा. अख्ख्या इमारतीची नावं वगळली जाऊ शकतात. तात्पुरतं बाहेर राहिल्याने नेहमीचा रहिवास संपत नाही, असं कायद्यात आहे. पण खड्ड्यासमोर उभ्या असलेल्या माणसाला ते कागदाने सांगावं लागतं. पाडकामाआधीच विकासकाबरोबरच्या कराराची प्रत आणि सभासदांची यादी जोडून मतदार नोंदणी अधिकाऱ्याला पत्र द्या, पोच घ्या, आणि दर नवी यादी लागली की नावं तपासा. ज्यांना भाड्याच्या घराच्या भागातच मत द्यायचं असेल त्यांनी फॉर्म ८ भरावा, आणि परत आल्यावर पुन्हा एकदा.

तारखा

पूर्वी फक्त १ जानेवारीला अठरा पूर्ण असणाऱ्यांना नोंद करता यायची. २०२२ पासून वर्षात चार अर्हता तारखा आहेत: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. सतरा पूर्ण झालेल्या मुलामुलींना आगाऊ अर्ज करता येतो. बारावीचा निकाल लागला की मुलं बाहेरगावी जातात, त्याआधीच फॉर्म ६ भरून घ्या.

लोकसभा-विधानसभेला उमेदवारी अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवसापर्यंतच यादीत बदल होतात. हरकतींसाठी सात दिवस जातात, त्यामुळे त्या तारखेच्या दहा दिवस आधी आलेला अर्ज हा व्यवहारात शेवटचा. मतदानाच्या आठवड्यात 'माझं नाव नाही' म्हणून कितीही आरडाओरडा केला तरी कोणाच्याच हातात काही नसतं.

महापालिकेचं गणित निराळं, आणि इथे भलेभले फसतात. त्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो. तो स्वतः नावं घालत नाही. विधानसभेची यादी एका ठरलेल्या तारखेची उचलतो आणि प्रभागांत फोडतो. १५ जानेवारी २०२६ ला मुंबई-पुण्यासह २९ महापालिकांचं मतदान झालं, ते १ जुलै २०२५ च्या यादीवर. म्हणजे ऑगस्टमध्ये अठरा पूर्ण झालेल्या मुलीला जानेवारीत मत देता आलं नाही. दार सहा महिने आधीच बंद झालं होतं. प्रारूप, म्हणजे कच्ची, यादी लागते तेव्हा बघायचं ते एवढंच, की आपली इमारत शेजारच्या प्रभागात तर ढकलली नाही ना. त्यावर हरकत घेता येते, पण त्याला मोजके दिवस असतात. दुबार वाटणाऱ्या नावांपुढे त्या वेळी दोन तारे (**) छापले होते. तशी खूण दिसली तर आपण कुठे मत देणार हे आधीच लिहून दिलेलं बरं.

आणि हो, विधानसभेची जुनी मतदार चिठ्ठी महापालिकेला चालवायला जाऊ नका. भाग, अनुक्रमांक, खोली, काही वेळा शाळासुद्धा बदललेली असते.

'काय फरक पडतो' म्हणणाऱ्यांशी कसं बोलायचं

थोडक्यात सांगायचं तर, कमी बोलायचं. लोकशाही, शहीद, कर्तव्य या शब्दांनी आजवर कोणी सोफ्यावरून उठलेलं नाही. टोमणे मारले की माणूस हट्टाला पेटतो, आणि बोटावर शाई नसलेल्यांची नावं नोटीस बोर्डावर लावणाऱ्यांची सोसायटी पुढे पाच वर्षं पार्किंगवरून भांडते.

आकडे मात्र कामी येतात, तेही जवळचे. २०२४ च्या लोकसभेला मुंबई उत्तर पश्चिममध्ये रवींद्र वायकर जिंकले ते ४८ मतांनी. अठ्ठेचाळीस म्हणजे एका विंगचे तीन-चार मजले. त्याच वर्षी विधानसभेला मालेगाव मध्यचा निकाल १६२ मतांवर लागला, साकोलीत नाना पटोले २०८ मतांनी वाचले, बेलापूरला मंदा म्हात्रे ३७७ मतांनी. २०१७ च्या मुंबई महापालिकेत एका प्रभागात दोघांना सारखी मतं पडली आणि नगरसेवक चिठ्ठी काढून ठरला. प्रभाग जितका लहान, तितकं एका इमारतीचं वजन जास्त. आणि नळाचं पाणी, कचरा, फुटपाथ हे त्याच लहान निवडणुकीवर ठरतं, जिला लोक सगळ्यात कमी येतात.

'एकही उमेदवार पटत नाही' म्हणणाऱ्याला 'नोटा', म्हणजे 'यापैकी कोणीही नाही' हे बटण, सांगा, पण खरं सांगा. लोकसभा-विधानसभेत नोटाला सगळ्यांत जास्त मतं पडली तरी दुसऱ्या क्रमांकाचा उमेदवार निवडून येतो. निवडणूक रद्द होत नाही. नाराजी मोजली जाते, इतकंच.

जे डळमळीत आहेत त्यांना 'जाणार का' असं न विचारता 'किती वाजता जाणार, कोणाबरोबर' असं विचारा. वेळ तोंडातून निघाली की माणूस बहुधा जातो. मॉर्निंग वॉकचा गट परस्पर केंद्रावरून येऊ शकतो, तिसऱ्या मजल्यावरच्या दोन काकू एकत्र जाऊ शकतात. कोणाला मत देणार हे विचारायचं नाही, आणि विचारणारा आपल्या चौघांत असेल तर त्याला वहीपासून लांब ठेवा. उमेदवाराने इमारतीला रंग, सोलर दिवे, बाकडी देऊ केली की कमिटीने लेखी नकार द्यावा. एकदा ते घेतलं की तुमच्या मोहिमेवर कोणी विश्वास ठेवणार नाही.

एक गट या सगळ्यात बसत नाही: ज्यांचं नाव गावाकडे आहे. रत्नागिरी, सातारा, सांगलीचे कितीतरी लोक ग्रामपंचायतीसाठी गावचं नाव मुद्दाम ठेवतात. ती अनास्था नव्हे, निवड आहे. त्यांना शहरात नोंदवायला मागे लागू नका. फक्त विचारा, त्या दिवशी गावी जाणार आहात ना? गाडीचं आरक्षण केलंत का? मग वहीत 'गावी' असा शेरा लिहा आणि सोडून द्या.

सुट्टी कोणाला मिळते, कोणाला नाही

१९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १३५-ब प्रमाणे मतदानाच्या दिवशी कामगाराला भरपगारी सुट्टी द्यायची असते. दुसऱ्या मतदारसंघात नोकरी असली तरी. ऑफिसातल्यांना ती मिळते. सोसायटीतच काम करणाऱ्यांना बहुधा मिळत नाही: घरकामाच्या मावशी, ड्रायव्हर, वॉचमन, सफाईवाले. दहा घरांच्या दहा वेळा, त्यामुळे मावशी मत द्यायला जाणार कधी? एका घराने सुट्टी देऊन भागत नाही. मजल्यावरच्या सगळ्यांनी मिळून सकाळची सुट्टी ठरवा, पगार न कापता, आणि तसं आठवडाभर आधी सांगा. वॉचमनच्या पाळ्या दोन-दोन तासांनी सरकवता येतात.

पंच्याऐंशी वर्षांवरच्या आणि ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असलेल्या मतदारांना लोकसभा-विधानसभेला घरून मत देता येतं. त्याचा फॉर्म १२-डी निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत द्यावा लागतो. पाच दिवस म्हणजे काहीच नाहीत, म्हणून वहीतून ही नावं आधीच काढून ठेवा. ज्यांना केंद्रावरच जायचंय आणि दिसत नाही किंवा हात चालत नाही, त्यांना सोबती नेता येतो. सोबती अठरा वर्षांवरचा हवा, आणि त्याला त्या दिवशी एकाच मतदाराचा सोबती होता येतं. एक तरतरीत पोरगा पाच आजींबरोबर आत, असं चालत नाही. पाच आजींना पाच माणसं लागतात.

त्या दिवशी

आदल्या संध्याकाळी प्रत्येक दारावर एक चिठ्ठी: शाळेचं नाव, खोली किंवा केंद्र क्रमांक, यादी भाग, अनुक्रमांक. केंद्र क्रमांक मोठ्या अक्षरात. एका शाळेत सात-आठ केंद्रं असतात आणि लोक चुकीच्या रांगेत तासभर उभे राहून परत येतात. छापील मतदार चिठ्ठी ही ओळखीचा पुरावा म्हणून २०१९ पासून चालत नाही, तेव्हा सोबत फोटो असलेला मूळ कागद हवाच.

रांगेचं गणित समजून घेतलं की चीड कमी होते. विधानसभेला सकाळी सात ते संध्याकाळी सहा, म्हणजे ६६० मिनिटं. केंद्रावर १,२०० मतदार असतील आणि सगळे आले, तर एका माणसाला ३३ सेकंद मिळतात. प्रत्यक्षात नाव शोधणं, सही, शाई, बटण, व्हीव्हीपॅटची (मत कोणाला गेलं ते दाखवणाऱ्या यंत्राची) चिठ्ठी सात सेकंद दिसणं, यात मिनिट सहज जातं. मतदान वाढलं की रांग लांबणारच. २० मे २०२४ च्या सोमवारी मुंबईत उकाड्यात लोक रांगा सोडून गेले, ते आळशी नव्हते. म्हणून सगळी सोसायटी सकाळी आठला पाठवू नका. वयस्कर आणि चालायला जाणारे सातला, नोकरदार साडेआठच्या आत, घरातली आवरून निघणारी मंडळी साडेबाराच्या पुढे. दुपारी रांग उतरते. ऊन असेल तर टोपी, पाण्याची बाटली, आजोबांसाठी घडीची खुर्ची. संध्याकाळची शेवटची वेळ ठेवायची नाही. ठेवलीच तर हे लक्षात असू द्या की वेळ संपताना जो रांगेत उभा आहे त्याला मत देता येतं. केंद्राध्यक्ष रांगेच्या शेवटच्या माणसापासून पुढे चिठ्ठ्या वाटत येतात. चिठ्ठी घेतल्याशिवाय हलू नका. महापालिकेला वेळ वेगळी असते. जानेवारी २०२६ मध्ये ती साडेसात ते साडेपाच होती.

मोबाइल आत नेता येत नाही. फोन ठेवायची सोय बाहेर असेलच असं धरून चालू नका. चौघं गेलात तर एकाने बाहेर थांबायचं, मग पाळी बदलायची. फोनमुळे घरी परतलेला माणूस पुन्हा येतोच असं नाही.

आत गेल्यावर पहिला अधिकारी नाव मोठ्याने वाचतो, दुसरा डाव्या तर्जनीला शाई लावून सही घेतो, तिसरा यंत्र चालू करतो. बटण दाबल्यावर लांब 'बीप' ऐकल्याशिवाय बाहेर पडायचं नाही. मुंबई सोडून बाकी महापालिकांत प्रभाग बहुसदस्यीय असतात, पुण्यात बहुतेक चारांचे. तिथे प्रत्येक जागेला एक अशी बटणं दाबायची. एक दाबून माणूस निघाला की यंत्र अडतं आणि मागची रांगही. ज्या जागेला कोणी नको तिथे नोटा दाबा, पण दाबा. हे आजी-आजोबांना आदल्या दिवशी कागदावर चार चौकोन काढून दाखवा.

'तुमच्या नावावर मत पडलंय' असं सांगितलं तर भांडून निघून येऊ नका. केंद्राध्यक्षांकडे प्रदत्त मत मागा, म्हणजे टेंडर व्होट. तुम्ही तेच आहात हे पटल्यावर तुम्हाला छापील मतपत्रिका मिळते, ती वेगळ्या पाकिटात जाते आणि नोंद राहते. हा अधिकार माहीत नसल्याने दर वेळी माणसं हात हलवत घरी येतात.

गेटवर वॉचमनच्या टेबलाशी वही उघडी नको, नुसता फ्लॅट नंबरांचा कागद ठेवा. मत देऊन येणारा स्वतः खूण करेल. दुपारी दोनला ज्या नंबरांपुढे खूण नाही, त्यांना एक फोन. एकच. 'केंद्र सापडलं का?' एवढाच प्रश्न. पाचला दुसरा फोन करायचा मोह होतो, तो आवरा.

दुसऱ्या दिवशी

टक्केवारी ग्रुपवर टाकण्याआधी खूण न झालेल्या प्रत्येक नावापुढे कारण लिहा: नाव नव्हतं, दुसऱ्या केंद्रात गेले, ओळखपत्र विसरले, रांग सोडली, आजारी, कामावर, गावी, नको होतं. हे आठवडाभरात करा, नंतर कोणालाच खरं आठवत नाही. 'नको होतं' हा ढीग किती छोटा निघतो ते बघा. आणि छोटा नसेलच निघाला, तर निदान कोणाशी बोलायचं ते कळलं. बाकीच्या प्रत्येक कारणाला एकेक फॉर्म किंवा फोन आहे. पुढची अर्हता तारीख कधीच तीन महिन्यांहून लांब नसते. वही सेक्रेटरीच्या कपाटात ठेवू नका, सेक्रेटरी बदलतात. ती गेटवरच्या केबिनच्या कुलूपबंद खणात ठेवा आणि किल्ली दोघांकडे द्या.